पेन नको, पण जिग आवर

लाकडी पेनं बनवणाऱ्या माणसाच्या घरी गेलात तर काहीही मागा, फक्त लिहायला पेन मागू नका. चहा मिळेल, पोहे मिळतील, आग्रह झाला तर जेवूनही याल. पेन मागितलंत की घरातली माणसं एकमेकांच्या तोंडाकडे बघतात. मग कुणीतरी उठून फ्रिजवरच्या डब्यात हात घालतं आणि औषध कंपनीची जाहिरात छापलेलं, टोपण हरवलेलं बॉलपेन आणून देतं. माझ्या मामाकडे हे वर्षानुवर्षं चालू आहे आणि त्यात कुणालाही काही वावगं वाटत नाही.

मामाची अख्खी नोकरी पिंपरीच्या एका कारखान्यात, टूल रूममध्ये गेली. टूल रूम हे वेगळंच प्रकरण असतं. कारखान्यात प्रॉडक्शनवाले माल काढतात आणि टूल रूमवाले प्रॉडक्शनवाल्यांची अक्कल काढतात, अशी तिथली सरळ वाटणी. निवृत्त झाल्यावर लोक चारधामला जातात, सोसायटीच्या कमिटीत जातात, नाहीतर मुलाकडे अमेरिकेला जाऊन परतीच्या तिकिटाची तारीख मोजत बसतात. मामानं ड्राय बाल्कनीत हातभर लांबीचं लेथ मशीन बसवलं. कपडे वाळत घालायची दोरी तेव्हापासून हॉलमध्ये आली, ती अजून तिथेच आहे.

आधी हे पेन करणं म्हणजे काय ते सांगतो. बाजारात पेनाचं किट मिळतं. त्यात पुढचं टोक, क्लिप, मधली कडी, पिळून रिफिल आत-बाहेर करायची यंत्रणा, रिफिल आणि पितळेच्या दोन नळ्या येतात. म्हणजे पेनामध्ये पेन म्हणून जे काही असतं ते सगळं विकतच येतं. आपण करायची ती फक्त वरची कातडी. सहा सुतांचा, म्हणजे साधारण १९ मिलिमीटरचा चौकोनी लाकडी तुकडा घ्यायचा. त्याला उभं ७ मिलिमीटरचं भोक पाडायचं, त्यात पितळेची नळी चिकटवायची, नळीसकट तो तुकडा मँड्रेल नावाच्या सळईवर ओवायचा, दोन्ही टोकांना बुश नावाच्या मापाच्या कड्या लावायच्या आणि लाकूड बुशच्या मापाला येईपर्यंत कातत राहायचं. मग पॉलिश पेपर, मग पॉलिश. शिसवीचा बरा तुकडा हाताशी असेल तर जेवण करून बसलेला माणूस संध्याकाळच्या चहापर्यंत नवीन पेनानं सही ठोकू शकतो.

मामाची तक्रार नेमकी हीच होती. सुरुवातीची काही पेनं झाल्यावर तो गप्प गप्प राहायला लागला. मामीला वाटलं शुगर वाढली. एकदा मी विचारलं तर म्हणाला, "अरे, यात करायचं काय? लाकूड लावायचं, कातायचं, संपलं. एवढ्यासाठी टूल रूममध्ये जन्म घालवला का?" ज्या कामाला जिग, म्हणजे हत्याराला बरोबर जागी नेणारा साचा, लागत नाही ते काम मामाच्या लेखी कामच नव्हे, ती नुसती हालचाल.

मग त्याला सेगमेंटेड पेनाचा शोध लागला, आणि घरातली शांतता गेली.

सेगमेंटेड म्हणजे वेगवेगळ्या लाकडांचे तुकडे जोडून केलेलं. त्यातला सगळ्यात मिरवणारा नमुना म्हणजे केल्टिक गाठ. तयार पेन हातात घेतलं की लाकडाची चार वळी एकमेकांत गुंतलेली दिसतात, आणि बघणारा हमखास विचारतो, "हे लाकूड वाकवलं कसं?" वाकवलेलं काहीच नसतं. चौकोनी तुकडा पंचेचाळीस अंशात तिरका कापायचा, पण आरपार नाही. तळाशी मिलिमीटरभर लाकूड राखायचं, नाहीतर दोन भागांची काडीमोड होते. त्या चिरेत दुसऱ्या रंगाची पातळ पट्टी चिकटवायची. वाळू द्यायचं. तुकडा पाव फेरा फिरवायचा आणि बरोब्बर त्याच जागी पुन्हा तिरका काप घ्यायचा. पुन्हा पट्टी, पुन्हा वाळवण. असं चारही अंगांनी. या टप्प्यावर त्या तुकड्याकडे बघून कुणालाही दया येईल. पण तो लेथवर चढला आणि कोपरे उडाले, की आत दडलेले चार तिरके पडदे गोल दांड्यावर लंबवर्तुळं होऊन उमटतात. गोल वस्तू तिरकी कापली की लंबवर्तुळ मिळतं हे आपण शाळेत पाठ करतो. मामाकडे ते शिसवीत आणि फणसात दिसतं. शिसवीचं काळपट जांभळं अंग आणि त्यावर फणसाची पिवळी वळी. दिसतं मात्र झकास, हे मामीसुद्धा कबूल करते.

मेख अशी की चारही काप एकाच जागी यायला हवेत. केसभर इकडेतिकडे झालं तर वळी गुंतण्याऐवजी एकमेकांना चुकवून जातात. दुसरी मेख पट्टीची. करवतीच्या पात्यानं जेवढं लाकूड खाल्लं तेवढ्याच जाडीची पट्टी हवी. पात्यानं दीड मिलिमीटर खाल्लं आणि तुम्ही एक मिलिमीटरची पट्टी घातलीत तर फट राहते. फट दिसू नये म्हणून शिकंज्यात आवळलंत तर तुकड्याला बाक येतो, आणि बाक आलेल्या तुकड्यात सरळ भोक पाडायचं म्हणजे पुढची पंचाईत. म्हणजे आता कापाची जागा ठरवणारं काहीतरी हवं, कोन धरणारं काहीतरी हवं, पट्ट्या एका जाडीच्या करणारं काहीतरी हवं, भोक मधोमध पाडणारं काहीतरी हवं. मामाचा चेहरा एकदम उजळला. शुगरही उतरली असावी.

पहिली जिग तयार झाली ती छोट्या टेबल सॉवर सरकणारी पाटी. तिच्यावर पंचेचाळीस अंशात एक फेन्स, म्हणजे तुकडा टेकवायचा कठडा, आणि तुकड्याचं टोक टेकवायला एक स्टॉपर. एवढंच. बारा एमएमचा प्लाय, चार स्क्रू, दुपारचं काम. पण प्लाय पावसाळ्यात फुगतो, म्हणून मामानं तो काढून हायलमची शीट घेतली. स्क्रूच्या भोकात अर्ध्या मिलिमीटरची ढील असते, म्हणून डॉवेल पिना ठोकल्या. पंचेचाळीस अंश म्हणजे नक्की पंचेचाळीस का, हे बघायला गुण्या पुरेना, म्हणून रविवारी पुण्याच्या जुन्या बाजारात जाऊन कुणाच्यातरी बंद पडलेल्या वर्कशॉपमधून आलेली, कोन मापायची साइन बार हुडकून आणली. शंभर मिलिमीटरच्या साइन बारला पंचेचाळीस अंशासाठी एका बाजूनं ७०.७१ मिलिमीटरची उचल द्यावी लागते. ती उचल द्यायला स्लिप गेज लागतात, आणि स्लिप गेज ठेवायला सपाट पृष्ठभाग लागतो. मामीच्या ओट्याचा ग्रॅनाइट मामानं दोन दिशांनी तपासला आणि "चालेल" म्हणाला. मामी तेव्हा त्यावर पोळ्या लाटत होती.

या जिगमध्ये एक गोष्ट मात्र खरंच बघण्यासारखी आहे. फेन्स आणि स्टॉपर जिथे मिळतात त्या कोपऱ्यात मामानं कानशीनं एक बारीक खाच मारली आहे, जेमतेम तांदळाचा दाणा बसेल एवढी. मी विचारलं, ही कशाला? तो म्हणाला, "भुश्याला." कापताना उडणारा भुसा कोपऱ्यात साठतो. पुढचा तुकडा टेकवला की तो लाकडाला टेकत नाही, भुश्याला टेकतो, आणि तुम्हाला वाटतं आपलं माप बरोबर आहे. खाच असली की भुसा तिच्यात जाऊन बसतो आणि तुकडा फेन्सला भिडतो. "कचऱ्याला जागा दिली नाही तर तो आपली जागा घेतो," एवढं बोलून मामा पुढच्या कामाला लागला. ही खाच तो येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येकाला दाखवतो. लोक "वा!" म्हणतात आणि पेनाकडे बघतात. मामा खट्टू होतो.

भोकाची जिग हा स्वतंत्र अध्याय. उभ्या लाकडात ड्रिल घातलं की ते लाकडाच्या रेषांच्या मागे जातं. त्यात आपण मऊ-कडक लाकडं आलटून पालटून चिकटवलेली. एका दमात खाली गेलं तर भुसा अडकतो, ड्रिल तापतं, चिकटवलेले सांधे सुटतात, आणि शेवटी खालच्या तोंडाशी लाकूड फुटतं ते वेगळंच. म्हणून थोडं खाली, वर, भुसा झाडा, पुन्हा खाली. मामानं तुकडा धरायला व्ही-ब्लॉक केला आणि त्याच्या डोक्यावर ड्रिलला वाट दाखवायला पोलादी बुश बसवला. साधा नाही, पाणी देऊन कडक केलेला.

"लाखभर भोकं पाडली तरी झिजणार नाही," मामा म्हणाला.

"मामा, एका पेनाला भोकं किती?"

"दोन."

इथे थोडं हिशेबाचं बोलायला हवं. कारखान्यात जिगवर खर्च करतात तो पुढे निघणाऱ्या हजारो नगांवर वाटला जातो, म्हणून परवडतो. मामाकडे जिगचा अख्खा खर्च एका पेनावर येऊन पडतो, कारण जिग चालली की मामाचा रस संपतो. ते पेन म्हणजे फक्त जिगची ट्रायल. ट्रायल ओके झाली की जिगवर पेंटनं नंबर पडतो, तिला तेलाचा हात फिरतो आणि ती बेडरूममधल्या कपाटात जाते. त्या कपाटात मामीच्या पैठण्या होत्या. आता त्या बॅगेत असतात. बाहेरचा माणूस समजतो की मामा जिग वापरून पेनं बनवतो. खरं म्हणजे तो पेनं वापरून जिग बनवतो.

आणि जिग म्हटलं की तुम्ही-आम्ही जे समजतो ते मामाला चालत नाही. मोबाइलवर तिकडचे कुणी हौशी गृहस्थ लाकडाचा शिकंजा दाखवून "ही माझी जिग" म्हणाले की मामा मोबाइलवरच ओरडतो, "अहो, फिक्स्चर आहे ते!" जिग हत्याराला वाट दाखवते; फिक्स्चर जॉबला नुसतं धरून ठेवतं. भोकाचा बुश आहे म्हणून ती जिग, आणि पट्टी घासायचा ठोकळा हा फिक्स्चर. जगात इतके अन्याय चालू असताना माणसाचं रक्त या मुद्द्यावर तापतं याचं मला कौतुक वाटतं. पण ड्राय बाल्कनीत हा फरक चुकलात तर चहा लवकर येत नाही, हे अनुभवानं सांगतो.

मध्ये एकदा स्वयंपाकघराच्या ट्रॉल्या सारख्या करायला सुतार आला होता. कानावर पेन्सिल, खिशात घडीची पट्टी, माप सगळं इंचात आणि सुतात. एक सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग, सव्वातीन मिलिमीटरला किंचित कमी. मामाच्या डिजिटल व्हर्नियरला मिलिमीटरचा शंभरावा भाग दिसतो, त्यामुळे या दोघांची गाठ पडायला नको होती. मामानं त्याला जिग दाखवली. सुतारानं ती सगळीकडून बघितली, मग शेजारी पडलेला एक तुकडा उचलला, पेन्सिलीनं तिरकी रेघ ओढली आणि हातकरवतीनं सरसर कापून समोर धरला. "हे असंच ना, काका?"

मामानं तो तुकडा घेतला, साइन बार मांडली, डायल लावला, चष्मा बदलला. "चव्वेचाळीस अंश, वीस मिनिटं."

"मग?" सुतार म्हणाला, "अजून वीस मिनिटं थांबू का मी?"

मामा त्याच्याशी नंतर ट्रॉल्यांपुरतंच बोलला.

तरीही मामाच्या बाजूनं एक सांगायला हवं. तुकडे वाढले की बारीक चूक अंगाशी कशी येते हे सुताराच्या डोळ्याला दिसत नाही. पेनाच्या मधोमध आठ तुकड्यांचं कडं बसवायचं असेल तर प्रत्येक तुकड्याच्या दोन्ही बाजू साडेबावीस अंशांत कापाव्या लागतात. म्हणजे एकूण सोळा काप. प्रत्येक कापात अर्ध्या अंशाची गफलत झाली तर शेवटच्या तुकड्यापाशी आठ अंशांची फट समोर येते. सात तुकडे मस्त बसतात आणि आठव्याला जागाच नसते, नाहीतर इतकी असते की तो आत लोळतो. यावर उपाय मोठा हुशार आहे. पाटीवर एकाऐवजी दोन फेन्स लावायच्या, त्यांच्यामध्ये नेमका पंचेचाळीस अंशांचा कोन ठेवायचा आणि एक काप एका फेन्सला टेकवून, दुसरा दुसऱ्या फेन्सला टेकवून घ्यायचा. मग एकीकडे जे थोडं जास्त होतं ते दुसरीकडे तेवढंच कमी होतं आणि बेरीज चुकत नाही. दोन्ही फेन्स थोड्या वाकड्या असल्या तरी चालतं, त्यांच्यातला कोन तेवढा खरा हवा.

हा खरा कोन मामाला घरातच मिळाला. नातवाच्या कंपासपेटीतला प्लॅस्टिकचा गुण्या. दोन फेन्सच्या मधोमध ठेवून, वरून पट्टी मारून, दोन स्क्रूनं कायमचा बसवला. नातवाची भूमितीची चाचणी त्याच आठवड्यात होती. त्यानं वर्गात कंपासपेटी उघडली आणि बाईंना सांगितलं की माझा गुण्या आजोबांच्या पेनात गेला. बाईंनी वहीत शेरा लिहून पालकांना बोलावलं. मामा स्वतः गेला आणि जाताना जिग घेऊन गेला. बाईंना आठ तुकड्यांचं गणित पटलं असं मामा सांगतो. वहीवरचा शेरा मात्र तसाच आहे.

मामाचं आराध्य दैवत म्हणजे कार्ल एडवर्ड योहान्सन. स्वीडनमधल्या एस्किल्स्टुना गावच्या रायफल कारखान्यातला हा माणूस. मापं तपासायला प्रत्येक भागासाठी वेगळं गेज बाळगायचं म्हणजे गेजांचाच डोंगर होतो, तेव्हा थोडक्या ठोकळ्यांत सगळी मापं बसवता येतील का, हा विचार त्याच्या डोक्यात शिरला. १८९६ साली त्याचा १०२ ठोकळ्यांचा संच ठरला. ते ठोकळे इतके सपाट की एकावर एक सरकवून दाबले की चिकटून राहतात, आणि त्यांच्या जोड्या लावून वीस हजारांच्या घरात वेगवेगळी मापं मिळतात. मामाच्या साइन बारखाली जातात ते स्लिप गेज म्हणजे हेच. या गोष्टीतला मामाचा सगळ्यात आवडता भाग शेवटी येतो. हे ठोकळे घरी घासायला यंत्र नव्हतं, तेव्हा योहान्सननं बायकोचं शिवणयंत्र बदलून त्याचंच घासायचं यंत्र केलं.

मामा ही गोष्ट रात्रीच्या जेवणाला सांगत होता. सांगता सांगता त्याची नजर बेडरूमच्या कोपऱ्याकडे गेली. तिथे मामीचं शिवणयंत्र आहे, लाकडी झाकणाचं.

"आणि मग त्या बाईनं शिवलं कशावर?" मामीनं विचारलं.

मामा पाणी प्यायला उठला. मशीनच्या झाकणाची किल्ली त्या रात्रीपासून मामीच्या मंगळसूत्राच्या जोडीला आहे.

मामीचा खरा हल्ला मात्र गणपतीत झाला. समोरच्या फ्लॅटमधल्या सुनेनं मोदकाचा साचा वापरला होता. तिन्ही पाकळ्या मिटायच्या, उकड दाबायची, सारण भरायचं, तळ लिंपायचा, साचा उघडायचा. मोदक एकसारखे, टोकं एका उंचीची, कळ्या मोजून सारख्या. नैवेद्याचं ताट घरी आलं तेव्हा मामानं एक मोदक उचलून फिरवून बघितला आणि म्हणाला, "साच्यातले दिसतात. यात हाताचं कसब काय राहिलं?"

मामी मोदकपात्रातले स्वतःच्या हातचे मोदक काढत होती. बोटांवर गार पाणी घेऊन एकेक मोदक अलगद उचलायचा असतो, त्यामुळे सगळे निघेपर्यंत ती काही बोलली नाही. मग हात पुसत म्हणाली, "अहो, मग तुमच्या पेनात हाताचं कसब कुठे आहे? कोन जिगचा, भोक जिगचं, जागा जिगची."

"अगं, पण जिग मी केली ना!"

"बरं. म्हणजे हे मोदक ज्यानं साचा केला त्यानं खायचे."

यावर मामाकडे उत्तर नव्हतं, आणि खरं सांगायचं तर माझ्याकडेही नाही. बाईनं साचा वापरला की तो आळस आणि पुरुषानं साचा केला की ते इंजिनिअरिंग, हा न्याय आपल्याकडे कुणी ठरवला कोण जाणे. करंजीचं कातणं, चकलीचा सोऱ्या, शेवेच्या चकत्या, ही सगळी जिगच आहेत. (मामा लगेच म्हणेल, सोऱ्या ही डाय आहे. असू दे.) त्यांच्यावर नंबर कुणी रंगवत नाही, आणि त्यांना ठेवायला पैठण्याही बॅगेत जात नाहीत.

लाकडाचा प्रश्न तर वेगळाच. पेठांतले जुने वाडे पडतात तेव्हा तुळयांचं, खांबांचं सागवान विकायला निघतं. शंभर वर्षं वाळलेलं लाकूड, हलत नाही, फुगत नाही. मामा त्यातला वीतभर तुकडा पदरात पाडून घेतो आणि घरी आणून त्याला वर्षभर हात लावत नाही, कारण त्याच्या लायकीची जिग अजून झालेली नसते. चिंच, बाभूळ, खैर, माडाचं खोड, सगळं आहे. पूर्वी नातेवाईक मोठ्या प्रेमानं जुन्या वस्तू आणून द्यायचे. हा आजीचा पाट, ही काकांची मोडकी बॅट. पुढे त्यांच्या लक्षात आलं की मामा वस्तूकडे बघताना वस्तू बघत नाही, तिच्यातून पेनाचे किती तुकडे निघतील ते बघतो. आता मामा यायचा असला की मावशी देव्हाऱ्यावर टॉवेल टाकते.

मध्यंतरी आम्ही म्हैसूरला जाताना चन्नपट्टणला थांबलो होतो. तिथे लेथवर लाकडी खेळणी होतात. कारागीर फिरत्या लाकडावर रंगीत लाखेची कांडी टेकवतो, घर्षणानं लाख वितळून लाकडावर चढते, आणि मग केवड्याच्या पानानं घासून तिला अशी झळाळी आणतो की आपला चेहरा दिसावा. एकामागून एक भोवरे खाली पडत होते. मामानं खिशातून व्हर्नियर काढून काही भोवरे मोजले. बाहेर आल्यावर गाडीत बसून म्हणाला, "फरक आहे. पण कुठे आहे ते फिरवल्यावर कळत नाही." म्हैसूर येईपर्यंत त्यानं खिडकीबाहेर बघण्याखेरीज काही केलं नाही.

मग मावशीच्या मुलीचं लग्न ठरलं. मावशीच्या मनात आलं की पाहुण्यांना स्टीलचे डबे काय द्यायचे, दादाच्या हातची लाकडी पेनं देऊ. तिनं फोन करून विचारलं, पन्नास होतील का? आम्ही सगळे खूश. इतक्या वर्षांत पहिल्यांदा त्या जिगांना खरंखुरं काम मिळणार होतं. कपाट उघडायचं, जिग काढायच्या, कापत सुटायचं.

"पन्नास!" मामा म्हणाला, आणि खुर्चीत सावरून बसला. "मग या जिगा चालणार नाहीत."

"का?"

"या एका नगाच्या आहेत. पन्नासाला मल्टिस्टेशन फिक्स्चर लागेल."

आणि मामा कामाला लागला. एकाच आवळणीत आठ तुकडे धरायचे. प्रत्येक तुकड्याला सहा टेकू: तळाला तीन, बाजूला दोन, टोकाला एक. कुठल्याही वस्तूला सरकायच्या तीन आणि फिरायच्या तीन वाटा असतात, त्या या सहा टेकूंनी बंद होतात, असं तीन-दोन-एकचं शास्त्र आहे. प्रत्येक कोपऱ्यात भुश्याची खाच. वर गो आणि नो-गो गेज. शिवाय तुकडा उलटा बसूच नये अशी एक पिन. ती पिन तपासायला मामानं मामीला बोलावलं.

"मला काय कळतं त्यातलं?"

"म्हणून तर बोलावलं. ज्याला काही कळत नाही त्यालाही चुकता येऊ नये. फूलप्रूफ."

"फूल म्हणजे मी?"

मामानं सारवासारव म्हणून जपानची गोष्ट सांगायला घेतली. शिगेओ शिंगो नावाचे मोठे तज्ज्ञ होते. १९६३ साली एका मोटार-बॉडीच्या कारखान्यात अशीच युक्ती बसवली गेली, तिला म्हणायचे मूर्खालाही चुकू न देणारी, आणि तिथे काम करणारी एक मुलगी ते ऐकून रडायला लागली. तेव्हा शिंगोंनी नावच बदललं.

"बघितलंस? तिकडेही असंच झालं होतं," मामा म्हणाला.

"बघितलं," मामी म्हणाली. "तुमच्या या इतिहासात बायका एकतर मशीन गमावतात, नाहीतर रडतात." पण तिनं तुकडा हातात घेतला, उलटा बसवून बघितला. बसला नाही. पुन्हा कोन बदलून बघितला. बसला. मामाचा चेहरा पडला आणि पिनेची जागा बदलायला आणखी काही दिवस गेले.

फिक्स्चर पूर्ण झालं ते हळदीच्या दिवशी. पेनही झालं, ट्रायलचं. पाहुण्यांना स्टीलचे डबे मिळाले.

लग्नात जेवणं झाल्यावर मामानं ते पेन नवऱ्या मुलाच्या हातात ठेवलं. मुलगा चाकणला एका कंपनीत इंजिनिअर. त्यानं पेन फिरवलं, वळी बघितली, पण "लाकूड वाकवलं कसं?" हे काही विचारलं नाही. त्यानं विचारलं, "मामा, चारही काप लोकेट कसे केलेत?"

मामा काही न बोलता त्याला हाताला धरून पार्किंगमध्ये घेऊन गेला. फिक्स्चर गाडीच्या डिकीत होतंच. ते का होतं, हे मामीनं नंतर बरंच विचारलं. इकडे फोटोग्राफर जोडप्याच्या फोटोसाठी थांबलेला, नवरी मुंडावळ्या सावरत एकटीच सोफ्यावर, करवल्या नवरदेवाला शोधताहेत. शेवटी मी आणि मामी खाली गेलो. फेटा बॉनेटवर काढून ठेवलेला, आणि नवरदेव डिकीत कंबरेपर्यंत वाकलेला. तो फेन्सच्या कोपऱ्यात बोट फिरवत होता. मान वर करून म्हणाला, "मामा, भुश्याला रिलीफ दिलाय!"

मामाला क्षणभर बोलायलाच सुचेना. मग आमच्याकडे वळून म्हणाला, "पोरगी चांगल्या घरात पडली."

"पडली खरी," मामी म्हणाली, आणि फेटा घेऊन वर गेली.